साठ दिवसांची मुदत

४ मार्च, मंगळवार

त्याग म्हणे! ज्याने हा शब्द छापला त्याच्या तोंडात साबणाची वडी कोंबायला हवी. जाड गुळगुळीत कार्ड, वर फुलाचं चित्र, आत सोनेरी अक्षरं — "आपल्या बाळाला नवं घर देणाऱ्या मातांच्या थोर त्यागाचा सन्मान सोहळा." माझ्या लेकीच्या, थोरलीच्या नावाने आलंय. सव्वीस वर्षं साधी चिठ्ठी नाही, की पोर जगली-वाचली एवढं सांगणं नाही. आणि आता सन्मान! रविवारी तेवीस तारखेला, सकाळी अकरा वाजता, संस्थेच्या सभागृहात. चहापाण्याची सोय आहे. वा! म्हणजे पोर घेतली आणि चहा पाजला.

सगळ्यात खाली लिहिलंय प्रमुख पाहुण्या कोण ते. मोठ्या बाई! तीच ती. तेव्हा अख्खी संस्था जिच्या मुठीत होती ती. मला वाटलं होतं एव्हाना खपली असेल. नाही, आहे. बरंच झालं. माझ्यासाठी राखून ठेवली.

थोरलीने कार्ड वाचलं, पाकिटात परत घातलं, डबा उचलला आणि कामावर गेली. एक शब्द नाही. माझी लेक अशीच. बोलायचं सगळं मी.

मी जाणार. मी विचारणार. माईकवर.


५ मार्च, बुधवार

सगळं लिहून काढते, म्हणजे तिथे उभी राहिले की अडखळायला नको. मी चौथी शिकलेली बाई. राग आला की माझे शब्द सुटलेल्या गठ्ठ्यासारखे एकदम अंगावर पडतात.

थोरली तेव्हा अठरा वर्षांची. ज्याच्यामुळे दिवस गेले तो तिसऱ्या महिन्यातच पसार. तिचा बाप त्याआधीच वर गेलेला. एक खोली, त्यात मी, ती आणि अंथरुणाला खिळलेली माझी सासू. मी इस्पितळाच्या लाँड्रीत, दिवसाला चारशे चादरी. संस्थेत जाऊ असं मीच म्हणाले. मीच तिला घेऊन गेले. हे मी कधी नाकारलं नाही, नाकारणारही नाही.

बाळ झालं. मुलगी. मंगळवारी मोठ्या बाईंच्या टेबलावर थोरलीने सही केली. बाई म्हणाल्या (शब्द न् शब्द कानात आहे), "साठ दिवसांची मुदत आहे. मन बदललं तर साठ दिवसांच्या आत या, बाळ परत मिळेल. त्यानंतर कोणाच्या हातात काही नाही."

मी मोजत होते. लाँड्रीच्या वहीचं शेवटचं पान, आणि रोज ड्युटी सुटताना निळ्या पेन्सिलीने एक रेघ. चव्वेचाळीस रेघा झाल्या तेव्हा थोरली म्हणाली, "आई, मला माझं बाळ परत पाहिजे." मी म्हटलं, थांब. पोरीची जात, आज हो उद्या नाही. ओल्या कपड्यावर घाईने इस्त्री ठेवली की डाग पडतो. मुदत आहे ना हातात? पक्कं होऊ दे. आणखी बारा रेघा थांबले. रोज विचारायची. रोज एकच उत्तर — पाहिजे.

छप्पन्नाव्या रेघेला अर्ध्या दिवसाची रजा टाकून गेले. चार दिवस शिल्लक होते. चार!

बाई खुर्चीतून उठल्यासुद्धा नाहीत. कागदातून मान वर करून म्हणाल्या, "उशीर झाला. बाळ गेलं." मी म्हटलं, अहो, मुदत आहे अजून! "संपली मुदत." मी टेबलावर हात आपटला, आरडाओरडा केला. शिपायाने दंडाला धरून दाराबाहेर काढलं. माझ्या दंडावर त्याची बोटं आठवडाभर होती.

घरी येऊन थोरलीला सांगितलं, फसवलं त्यांनी. ती त्यानंतर वर्षभर माझ्याशी काय, भिंतीशीही बोलली नाही.

छप्पन्न की साठ? एवढंच विचारायचंय. चारचौघांत.


६ मार्च

वही सापडली! पलंगाखालच्या पत्र्याच्या पेटीत, सगळ्यात तळाशी. रेघा जशाच्या तशा. ती पेन्सिल धुलाईतसुद्धा जात नाही — म्हणून तर चादरीवर खूण करायला वापरायचो.


८ मार्च, शनिवार

पोपटने कार्ड वाचलं. पोपट म्हणजे माझी नात, थोरलीची पोर, पंधरा वर्षांची. तोंड मिटतं ते फक्त घास गिळायला. आज मात्र गप्प उभी, हातात कार्ड.

"आजी, आईला माझ्याआधी बाळ झालेलं?"

मी म्हटलं, आईला विचार. तर थोरली मागेच उभी! हात पुसत म्हणाली, "हो. मुलगी. तुझ्यापेक्षा अकरा वर्षांनी मोठी." बस. एवढंच. जणू दूध संपलंय म्हणून सांगतेय.

"बाबांना माहीत आहे?"

"लग्नाआधीच सांगितलं होतं."

जावई पेपरामागून म्हणाले, "तिने नसतं तर मला कुणी काही सांगितलंच नसतं, या घरात माझा नंबर येतो कुठे." माणूस भला आहे. बैठकीतल्या खुर्चीसारखा, टेकायला बरा.

पोपट कमरेवर हात ठेवून म्हणाली, "म्हणजे मी धाकटी आहे. आणि तुम्ही आजवर मला मोठी मोठी म्हणून ओरडत आलात!"

थोरली हसली. मी सव्वीस वर्षांत तिला त्या विषयावर हसताना पाहिलं नव्हतं. मला का कोण जाणे, राग आला.


१० मार्च, सोमवार

थोरली जाणार म्हणाली. मला वाटलं, आता कुठे माझी लेक शोभलीस! पण कारण वेगळंच. कार्डाच्या पाकिटात आणखी एक चिठ्ठी होती. ज्या आया येतील त्यांनी हवं तर आपल्या मुलासाठी चार शब्द बोलायचे. ते रेकॉर्ड करून त्या त्या मुलाच्या फाईलला ठेवणार. कधी मुलाने येऊन विचारलं तर ऐकवणार. नाही विचारलं तर तसंच राहणार.

"मला तेवढंच हवंय," थोरली म्हणाली. "सन्मान त्यांच्यापाशी राहू दे."

मी म्हटलं, आणि ती बाई समोर बसणार, तिचं काय?

"तिचं तू बघतेसच की, सव्वीस वर्षं."

टोमणा होता. मला कळतात टोमणे, मीच शिकवलेत.


१२ मार्च

संस्थेकडून फॉर्म आला. सोबत तेव्हाच्या सहीच्या कागदाची नक्कल. थोरलीने फॉर्म भरला. नक्कल मी माझ्या वहीत ठेवली. पुरावा!


१५ मार्च, शनिवार

जाडी येऊन गेली. लाँड्रीत आम्ही एकाच टेबलावर अठ्ठावीस वर्षं चादरींच्या घड्या घातल्या. ती एक टोक धरायची, मी दुसरं. आता गुडघे गेलेत तिचे, जीभ शाबूत आहे.

"माईक हातात आला ना, की सोडू नकोस," म्हणते. "दोन्ही हातांनी धर. हिसकावून घेतात मेले."

"घेऊ देत. माझा आवाज माईकवाचून कपड्यांच्या मशीनच्या घरघरीवरून जायचा."

"आणि रडू नकोस. रडलीस की म्हातारी म्हणून पाणी पाजतील आणि खाली बसवतील."

हे मात्र लाखातलं बोलली. रडायचं नाही. सरळ उभं राहायचं, वही उघडायची, रेघा दाखवायच्या. बाई, मोजा. माझ्यासमोर मोजा. एक, दोन, तीन — छप्पन्नपर्यंत. सगळ्या सभेने ऐकायचं. मग विचारायचं, चार दिवस कुठे गेले? कुणाच्या घशात घातलेत?

डोळ्यांपुढे इतकं लख्ख दिसतंय! तिचं तोंड कसं उतरेल ते. दुपारी भात नेहमीपेक्षा जास्त गेला.


१६ मार्च

घालायच्या कपड्यांना खळ दिली. पत्र्यासारखे उभे राहताहेत. जावई म्हणाले, "सासूबाई, कपडे एकटेच गेले तरी चालेल." गंमत करतात. करा.


१९ मार्च, बुधवार

थोरली आरशासमोर उभी राहून बोलून बघते. मला पाहिलं की थांबते. केराच्या डब्यात तीन कागद चुरगाळलेले. एक उचलून वाचला. लिहिलं होतं, "तू जन्मलीस तेव्हा पाऊस पडत नव्हता, ऊन होतं." मग खोडलेलं. मग, "तुझा डावा कान थोडा दुमडलेला होता." तेही खोडलेलं.

चोरून वाचलं म्हणून जरा वाईट वाटलं. पण घरात केर मीच काढते.

संध्याकाळी ती माझ्यापाशी येऊन बसली. म्हणाली, "आई, रविवारी तू काही बोलू नकोस."

"का?"

"तू बोललीस की तिथे तुझंच राहील. माझे चार शब्द कोण ऐकणार?"

"मी तुझ्यासाठीच बोलणार आहे ना!"

"माझ्यासाठी बोलणं हे तू इतकी वर्षं केलंस. आता गप्प बसून बघ."

हो म्हणाले नाही. नाही पण म्हणाले नाही. मनात म्हटलं, आधी तिचं होऊ दे, मग मी उभी राहीन. सूड काही शिळा होत नाही.


२२ मार्च, शनिवार

अक्षर वेडंवाकडं आलं तर येऊ दे.

दुपारी पोपटला वही दाखवली. म्हटलं उद्याची तयारी, तू बाई हो, मी विचारते. तिला नाटकाची हौस. पाय पसरून बसली आणि घोगरा आवाज काढून, "बोला आजीबाई, काय पुरावा आहे तुमच्याकडे?" मी रेघा दाखवल्या. तिने मोजल्या — छप्पन्न बरोबर. मग म्हणाली, "तारखा पाहिजेत पण. नुसत्या रेघांनी काय होतं?" सहीच्या नकलेवर नऊ फेब्रुवारी. माझ्या वहीत, शेवटच्या रेघेखाली माझ्याच अक्षरात — पंधरा एप्रिल, गुरुवार. बाईकडे गेले. नाही म्हणाली.

पोपटने फोनवर काहीतरी केलं. मग परत केलं. मग बोटांवर मोजलं.

"आजी, पासष्ट होतात."

मी म्हटलं, तुझं यंत्र बिघडलंय.

"बोटं बिघडली का मग? फेब्रुवारीचे एकोणीस, मार्चचे एकतीस, एप्रिलचे पंधरा. पासष्ट."

मी वही ओढून घेतली. पुन्हा मोजल्या. छप्पन्न. पुन्हा. छप्पन्न! आणि मग दिसलं. सहा रेघांचा एक झुपका. मधे जागा. पुन्हा सहा. मधे जागा. ती जागा म्हणजे रविवार. लाँड्री बंद. ड्युटीच नाही तर ड्युटी सुटताना रेघ कुठून मारणार?

लाँड्रीत दिवस म्हणजे कामाचा दिवस. "सहा दिवसांनी या" म्हटलं की सुट्टी सोडून सहा. गिऱ्हाईकालाही माहीत, मुकादमालाही माहीत. अठ्ठावीस वर्षं मी तसंच मोजलं. घरचं दूध, भाडं, सासूच्या गोळ्या, सगळं रविवार सोडून. आणि बाळसुद्धा.

नऊ रविवार.

थोरलीने सांगितलं तेव्हा चव्वेचाळीस रेघा होत्या. खरे दिवस एक्कावन्न. त्याच दिवशी गेले असते तर नऊ दिवस हातात होते. मी पक्कं होऊ देत बसले.

पोपट घाबरून म्हणाली, "आजी, आईला सांग." मी म्हटलं, उद्या तिचा दिवस आहे, त्याची माती करू नकोस. परवा सांगेन. "नक्की?" म्हणाली. हो म्हटलं. पोरीच्या डोळ्यांत बघून हो म्हटलं.

खरं सांगायचं तर तोंड उघडेना. माझं तोंड!


२३ मार्च, रविवार

वही घरी ठेवून गेले.

सभागृह म्हणजे शाळेच्या वर्गाएवढी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, एका पंख्याला खडखड. वीस-बावीस बायका आल्या असतील. काही माझ्या वयाच्या! मला वाटत होतं सगळ्या थोरलीसारख्या. एक तर काठी टेकत आलेली, बरोबर कोणी नाही. एकमेकींकडे बघत नव्हत्या. दवाखान्यात बसतात तशा बसलेल्या.

मोठ्या बाई पुढे, मधल्या खुर्चीत. वाळून काटकी झाल्यात. खुर्चीतून उठवायला दोन माणसं लागली. तेव्हा माझ्यासाठी उठल्या नाहीत, आता उठता येत नाही. क्षणभर आनंद झाला आणि लगेच गेला, कारण पासष्ट आठवले.

बायका एकेक करून माईकपाशी गेल्या. काठीवाली म्हणाली, "अडीच किलो होतास. मी उचललं होतं तुला. आठवतंय मला वजन." आणि येऊन बसली. एक नुसतीच उभी राहिली, बोलली नाही. बाजूच्या माणसाने विचारलं, बंद करू का, तर मानेने नाही म्हणाली. तिची पोर ऐकेल तेव्हा श्वास ऐकेल. हा सन्मान म्हणत असाल तर हा खरा. सोनेरी अक्षरांत नव्हता.

मग थोरली. मी मनात म्हटलं, सांग, दुमडलेल्या कानाचं सांग.

तिने माईक दोन्ही हातांनी धरला. मोठ्या बाईंकडे बघितलं. आणि माझी मुकी लेक, जिने सव्वीस वर्षं आवाज चढवला नाही, ती म्हणाली —

"बाळा, आम्ही तुला सोडलं नव्हतं. तुझी आजी तुला परत न्यायला आली होती. मुदतीत आली होती, छप्पन्नाव्या दिवशी. या समोर बसल्यात ना, या बाईंनी खोटं सांगून तिला हाकलून दिलं. हे तुला माहीत असू दे."

कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनी.

माझंच वाक्य होतं ते. रोज तिच्या ताटात वाढलेलं. तिने स्वतःचं वाक्य टाकून माझं उचललं. माझ्यासाठी! मी गप्प बसणार म्हणून माझं काम तिने केलं. येऊन शेजारी बसली आणि माझा हात धरला. "झालं ना आई, तुझ्या मनासारखं?"

मोठ्या बाई तिच्याकडे बघत नव्हत्या. माझ्याकडे बघत होत्या. तोंड उघडलं नाही.

पोपट माझ्या दुसऱ्या बाजूला. तिनेही माझ्याकडे बघितलं.

मी उठले नाही.


२४ मार्च

थोरली गाणं गुणगुणत भांडी घासतेय. परवा म्हटलं तो परवा आज उजाडला. नाही सांगितलं.


२५ मार्च, मंगळवार

बाईंकडे गेले. संस्थेच्या मागेच एका खोलीत राहतात. एक पलंग, एक खिडकी, औषधांच्या बाटल्या रांगेत. मला बसा म्हणाल्या. मी उभीच राहिले. आता माझी पाळी न बसण्याची.

म्हटलं, तुम्हाला माहीत होतं ना? पासष्टावा दिवस होता म्हणून?

"होतं."

"मग तेव्हा तसं का नाही सांगितलंत? नुसतं उशीर झाला, उशीर झाला! आकडा सांगता येत नव्हता? मी काय हिशेबाला कच्ची होते?"

"तुम्ही ओरडत होतात. आणि त्या आठवड्यात ओरडणाऱ्या तुम्ही तिसऱ्या." मग म्हणाल्या, "सांगायला हवं होतं. उठून, बसवून, कॅलेंडर दाखवून सांगायला हवं होतं. ती माझी चूक. ती मी मानते."

"आणि पाच दिवसांनी काय आभाळ कोसळणार होतं?"

"बाळ सोमवारी सकाळी गेलं. तुम्ही गुरुवारी आलात. ती दोघं नवरा-बायको साठ दिवस रोज येऊन काचेतून बघून जायची. हात लावू देत नव्हतो आम्ही."

तीन दिवस. तिच्याशी भांडायला गेले होते, तर भांडायलाही काही उरेना.

म्हटलं, मग परवा का गप्प बसलात? सभेपुढे खोटारड्या ठरलात. टाळ्या वाजल्या!

बाई म्हणाल्या, "माझं आता काय राहिलंय जायला? तुमच्या मुलीला आई आहे, ती राहू दे."

उपकार! माझ्यावर उपकार! सव्वीस वर्षं जिला पाण्यात पाहिलं तिने शेवटी मला दान घातलं. मला तिचा एवढा राग त्या खुर्चीच्या दिवशीही आला नव्हता. माझा सूडसुद्धा तिने ठेवून घेतला. मी म्हटलं, माझ्या वतीने उदार व्हायला तुम्हाला कोणी सांगितलं? आणि निघाले. दारात पाय अडखळला तेव्हा "जपून" म्हणाल्या. तेही ऐकून घ्यावं लागलं.

वाटेत कळलं, मला अजूनही कुणाला तरी फाडून खायचंय. आणि समोर कोणी नाही. आरशात पाहिलं तर आहे एक.


२८ मार्च

पोपट माझ्याशी बोलत नाही. घर इतकं शांत कधीच नव्हतं. जावयांनी दोनदा विचारलं, पोरीचा घसा बसलाय का?


३१ मार्च

सांगायला गेले. थोरली म्हणाली, "आई, किती वर्षांनी मला शांत झोप लागतेय माहितीये?" परत फिरले. भित्री! मी लोकांना भित्रे म्हणायचे.


३ एप्रिल, गुरुवार

संस्थेच्या कारकुनाचा फोन आला. थोरलीच्या त्या पहिल्या पोरीने फाईल मागितली होती. गेल्या वर्षीच अर्ज केला होता म्हणे. तिला थोरलीचं बोलणं ऐकवलं. ती ऐकून घरी गेली, तिला वाढवणाऱ्या आईबापांना म्हणाली, "मला तुम्ही चोरून आणलंत." आणि कपडे भरून घराबाहेर पडली. साठ दिवस काचेतून बघणारी ती दोघं! आता तिला फक्त एक विचारायचंय, आजी खरंच मुदतीत आली होती का? उद्या चार वाजता इथे फोन करणार आहे.

थोरली आत्तापासून फोनपाशी बसलीय. काय सांगायचं ते तिला पाठ आहे. हो, आली होती.

वही घेऊन तिच्यासमोर बसतेय, आत्ता, जेवणाच्या आधी. रविवारच्या जागा बोट ठेवून दाखवणार. घराबाहेर काढलं तर पायरीवर बसेन, पण उद्या चारपर्यंत हलणार नाही.

आणि उद्या घंटी वाजली की थोरलीने हात लावायचा नाही. पोपटने नाही, जावयांनी नाही, त्या बाईंना तर मध्ये आणायचंच नाही. फोन मी उचलणार. उत्तर मी देणार.